गुरुवारचा शिवणक्लास

माझ्या लांब राहणाऱ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, पाऊस कसा आहे?" मी सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला धाकटीने कॅमेरा छताकडे वळवला आणि थोरल्याने विचारलं, "म्हणजे चांगला आहे ना?" मग तुमच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये तुम्ही ढगाचं एक चित्र टाकलंत आणि माझी बातमी संपली. मी रागावले नाही. फक्त त्या संध्याकाळी ठरवलं की पावसाची बातमी कशी द्यायची असते आणि ती देण्याघेण्यापायी एका बाईचं काय पणाला लागू शकतं, हे तुम्हाला लिहून कळवावं. डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा आताच.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही गंगापूर रोडला भाड्याच्या घरात राहत होतो. माझ्याकडे पायाने चालवायचं शिवणयंत्र होतं, आणि दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच माझ्याकडे शिवणक्लास भरायचा. निदान चार घरांत तरी तसं सांगितलेलं होतं. यंत्रावर आम्ही भरतकामाचा रुमाल टाकत असू आणि रुमालावर चहाचा ट्रे. दोन वर्षांत त्या यंत्राची सुई कुणी ओवली नाही.

आम्ही चौघी. एकीचे यजमान रेल्वेत होते आणि माहेर मनमाडचं, म्हणून ती मनमाडवाली. पाऊस किती पडला हे ती गाड्या किती उशिरा आल्या त्यावरून सांगायची. दुसरी देवळ्याच्या कांदेवाल्यांची लेक. आमच्यासाठी पाऊस म्हणजे भजी. तिच्यासाठी पाऊस म्हणजे भावाच्या कांदाचाळीत भरून ठेवलेला कांदा सडतो की टिकतो. तिसरी पंचवटीतली. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन नाशकात आली होती आणि घर, भाजीबाजार आणि देऊळ यापलीकडे तिने गाव पाहिलं नव्हतं. गुरुवारचे दोन तास एवढंच तिचं स्वतःचं बाहेर जाणं. घरी सासूबाई होत्या आणि सासरे होते. सासऱ्यांना चारच्या ठोक्याला चहा लागायचा, म्हणून दोघींपैकी एकीने घरात असायलाच हवं असा तिथला नियम होता. चौथी मी.

मी मिशनरी कॉलेजात इंग्रजी माध्यमातून शिकले होते. तिथे आमच्या मनावर ठसवलं होतं की चार माणसं जमली आणि बोलण्याची नोंद झाली नाही, तर त्याला चकाट्या म्हणतात. नोंद झाली की ती सभा होते. मला चकाट्यांची लाज वाटायची आणि त्यांच्यावाचून करमतही नसे. म्हणून मी वही घातली. विषय तीन, क्रम ठरलेला: पाऊस, कुटुंब, सहल. प्रत्येकीने पाळीपाळीने बोलायचं, मी इतिवृत्त लिहायचं, पुढच्या गुरुवारी ते वाचून जी बोलली होती तिने सही करायची.

"अगं, माझी नणंद कशी आहे हे तुला बातमी म्हणून सांगितलं," देवळ्याची म्हणायची. "तू तिला तीन नंबरचं पान दिलंस."

सहल हा विषय नेहमी शेवटी यायचा आणि पुढच्या वेळेवर ढकलला जायचा. पण त्या श्रावणात आम्ही खरंच ठरवलं: सोमेश्वरचा धबधबा. आमच्या घरावरूनच सिटी बस जायची. हे सगळं पंचवटीवालीसाठी होतं. नऊ वर्षं नाशकात राहून तिने तो धबधबा पाहिला नव्हता, आणि घरी "क्लासच्या बायकांबरोबर कापड आणायला" असं सांगून निघायचं तिने पक्कं केलं होतं.

त्या आठवड्यात गोदावरीला पूर आला, पुलावरची वाहतूक थांबवली आणि गुरुवारी ती आली नाही. साहजिकच मागच्या इतिवृत्तावर तिची सही राहिली. दुसरी एखादी असती तर थांबली असती. मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि सुवाच्य अक्षरात इतिवृत्त उतरवून, खाली सहलीची वेळ घालून, तिच्या पत्त्यावर टाकलं. आंतरदेशीय पत्र चिकटवता आलं असतं. पण सभेच्या कामकाजात लपवण्यासारखं काही नसतं, असं मला शिकवलेलं होतं.

कार्डावर मी जे लिहिलं ते मला आजही तोंडपाठ आहे.

"पाऊस: पंचवटी येथे संततधार. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी. कुटुंब: सासूबाईंचा उजवा गुडघा दुखतो. सासूबाईंचा स्वभाव (मागील सभेवरून पुढे चालू). सहल: सोमेश्वर, पुढील गुरुवारी. कृपया संमती कळवावी."

नदीच्या पात्रातल्या त्या दोन तोंडांच्या मारुतीच्या अंगावर अख्खं नाशिक पुराचं पाणी मोजतं, हे तुमच्या बापाने तुम्हाला सांगितलं असेलच.

गुरुवारी तीनला दाराशी रिक्षा थांबली. उतरल्या त्या सासूबाई. नऊवारी पिंढऱ्यांपर्यंत भिजलेली, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात माझं कार्ड. मनमाडवालीने चहाचा ट्रे उचलून यंत्राचं झाकण उघडलं आणि चाक गरागरा फिरवलं. देवळ्याचीने टॉवेल घेऊन त्याला टीप घालण्याचं सोंग केलं.

"राहू दे," त्या बसत म्हणाल्या. "सुईत दोरा नाही."

देवळ्याचीने टॉवेल खाली ठेवला.

"शिवणाचं मला पहिल्या झबल्यापासून माहीत होतं. काजं पुरुषाच्या हातची होती. रविवार कारंजावर कुठल्या शिंप्याकडे शिवायला टाकता तेही माहीत आहे. म्हटलं, जाऊ दे. दोन तास घरात शांतता असते." त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. "पण बाई, तुम्ही शिकलेल्या. तुमच्या या पत्रात दोन गुडघे आहेत आणि दोन्ही चुकलेत. माझा डावा दुखतो. आणि मारुतीच्या कमरेला पाणी होतं. मी स्वतः जाऊन पाहिलं. आमची सून खिडकीतून बघते आणि तुम्हाला येऊन सांगते."

"आणि... स्वभाव?" मनमाडवालीच्या तोंडून निसटलं.

"त्याचं काय? तो आहेच की."

मग त्यांनी पदर सावरला आणि पावसाची बातमी दिली. मी असली बातमी कधी ऐकली नव्हती. कुठल्या गल्लीत कुणाच्या ओट्यापर्यंत पाणी, कुठल्या भटजींनी पूजेचं सामान माळ्यावर चढवलं, भाजीवाल्यांची कोथिंबीर कशी वाहत गेली आणि कोण ती खालच्या घाटावर झेलून विकत बसला. कुटुंब या विषयावर त्या पाऊण तास बोलल्या, आणि त्यात सुनेचा स्वभाव पहिल्या सभेपासून पुढे चालू झाला. पाचला उठताना म्हणाल्या, "आता मीच येत जाईन. यांचा चहा करायला ती आहे घरी."

त्या गेल्यावर आम्ही तिघींनी हळहळ व्यक्त केली. बराच वेळ केली. मग देवळ्याची म्हणाली, "खरं सांगू का? रागावू नका. सून काय बोलायची? 'पाऊस आहे, बरं आहे.' सासू लय भारी बोलते."

"मनमाडला अशी एक बाई होती," मनमाडवाली म्हणाली, "तिला ऐकायला लोक गाडी सोडायचे."

मी त्यांना दटावायला हवं होतं. मी पुढच्या गुरुवारसाठी जाडी वही आणली.

पूर ओसरेपर्यंत सहल तीन आठवडे पुढे गेली. सोमेश्वरला आम्ही चौघी गेलो: मी, मनमाडवाली, देवळ्याची आणि सासूबाई. बसमध्ये त्यांनी अर्ध्या प्रवाशांची गावं विचारून घेतली. धबधब्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "एवढंच?" आणि मग तासभर तिथून हलल्या नाहीत. भाजलेली दोन कणसं खाल्ली, तिसरं पदराखाली बांधून घेतलं. आम्ही खूप हसलो. इतकं आम्ही त्या वर्षात हसलो नव्हतो.

परतताना मी त्यांना पंचवटीत घरापर्यंत सोडायला गेले. दार तिने उघडलं. हात पिठाचे होते. सासूबाईंनी तिच्या हातात कणीस दिलं आणि आत गेल्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "पाणी किती होतं?"

मी, दोन वर्षं सविस्तर नोंदी ठेवणारी, म्हणाले, "होतं बऱ्यापैकी."

"बरं," ती म्हणाली आणि दार लोटलं.

घरी येऊन मी शिस्तीने वही उघडली. तारीख, ठिकाण. "उपस्थिती: चार. पूर्ण." लिहिलं आणि त्या शेवटच्या शब्दावर पेन थांबलं. चार बायकांच्या सभेतून एक बाई काढली होती आणि माझ्या हिशोबी काहीच कमी झालं नव्हतं. जागा भरलेली होती ना. आपण तिच्याकडून तिचे दोन तास काढून घेतले, तेही एका कार्डाने, शुद्धलेखनाची एकही चूक न करता, हे मला तेव्हा समजलं. पूर्ण हा शब्द मी खोडला. त्या वहीतली ती पहिली खाडाखोड.

सासूबाईंना येऊ नका म्हणण्याची माझी छाती नव्हती. विनवणी त्यांनी उडवून लावली असती. पण तीन सभांत माझ्या एक गोष्ट ध्यानात आली होती. आपलं बोलणं लिहिलं जातं याचं त्यांना फार अप्रूप होतं. प्रत्येक वेळी त्या मागचं पान वाचायला लावत आणि डोळे मिटून ऐकत.

पुढच्या गुरुवारी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "गुडघा डावा केलात ना?"

"नाही करता आला," मी म्हणाले. "ती सभा कायमच झालेली नाही."

"म्हणजे?"

"त्या दिवशी सूनबाई बोलल्या होत्या. त्यांची सही झाल्याशिवाय ते पान कायम होत नाही. आणि ते पान कायम नाही, तोवर त्याच्यापुढची सगळी पानं कच्ची."

"माझी सगळी?"

"सगळी. कोथिंबीरसुद्धा."

देवळ्याचीने तोंडाला पदर लावला. सासूबाईंनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, काजं ओळखली तशी ही युक्तीदेखील ओळखली. पण कच्चं राहण्याची कल्पना त्यांना सोसेना. "वही द्या. घरी सही घेते."

"वही सभेबाहेर जात नाही."

"मग कार्ड टाकता येतं, ते कसं?"

"ती चूक होती," मी म्हणाले. ते मात्र मी मनापासून म्हणाले.

सासूबाईंनी मिटलेल्या वहीवरून एकदा हात फिरवला. "बरं. पुढच्या गुरुवारी तिला पाठवते. चहा मी करीन यांचा. एकदाच हं. सही घ्या आणि लावून द्या."

पंचवटीवाली आली ती तीनला दहा कमी असतानाच. चहा घेतला, दोन कप. मी वही उघडून, पेनाचं टोपण काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने सबंध पान वाचलं, स्वभावाच्या ओळीवर थोडी हसली आणि वही मिटली.

"अगं, सही?" मनमाडवाली म्हणाली.

"सही केली की काम संपलं. मग मी कशाला येऊ?"

"आणि घरी काय सांगशील?"

"मजकूर पटत नाही म्हणून सांगेन. मारुतीच्या गुडघ्यालाच होतं पाणी. त्या म्हणतात कमरेला. चर्चा व्हायला पाहिजे."

पुढच्या गुरुवारी चर्चा झाली. त्याच्या पुढच्याही. सासूबाईंनी आधी आदळआपट केली, मग सुनेबरोबर आपल्या बातम्या पाठकोऱ्या कागदावर लिहून पाठवू लागल्या: पाऊस, कुटुंब, सहल, याच क्रमाने. त्या आम्ही मोठ्याने वाचायचो आणि ती घरी जाऊन कोण कुठे हसलं ते त्यांना सांगायची. आता तिला गुरुवारी घरी थांबवणं सासूबाईंनाच परवडणारं नव्हतं. ऐंशीच्या दशकात सासरे गेले, मग त्याही गेल्या. तोपर्यंत एकही कागद चुकला नाही. शिवणाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

सोमेश्वरला आम्ही तिला आश्विनात नेलं. पाऊस संपत आला होता, कातळावरून दोन बारीक धारा तेवढ्या पडत होत्या. देवळ्याची म्हणाली, "श्रावणात यायला हवं होतं." ती म्हणाली, "मला श्रावणातलं माहीतच नाही, तेव्हा हे पुष्कळ आहे." मी त्या दिवशी वही नेली नव्हती.

मनमाडवाली मुलाकडे पुण्याला गेली आणि तिथेच वारली. देवळ्याचीला जाऊन सहा वर्षं झाली. यंत्र मी एका शिवण शिकणाऱ्या मुलीला दिलं. पंचवटीवाली आहे. ती गुरुवारी रिक्षाने तीनला येते, पाचला जाते.