अठरा भेल्या

बायनाबाईच्या अंगाची टवाळी गावात पहिल्यांदा कुणी केली, असं विचाराल तर मीच. उगाच दुसऱ्याचं नाव कशाला घ्या. त्या वर्षांत पारावर विद्यापीठाच्या नावावरून वाद पेटायचा, माणसं तोंडं फिरवून बसायची, आणि त्यांना पुन्हा हसवायला मला बायनाबाई सापडायची.

तिचं माहेर पोखर्णी. लहानपणी ती मुदतीच्या तापानं पडली, तेव्हा तिच्या आईनं, धुरपताबाईनं, नरसिंहाला नवस केला होता की पोरीच्या भारोभार गूळ वाटीन. तेव्हा गुळाच्या पाच-पाच किलोच्या तीन भेल्यांत भागलं असतं. पण या ना त्या कारणानं राहून गेलं. पोर आमच्या गावात नांदायला आली आणि अंगानं भरतच गेली. मी पारावरून म्हणायचो, "आता अठरा भेल्या लागतील, एक कमी न्हाई. परभणीचा बाजार रिकामा होतो बघा."

हे तिच्या कानावर जायचंच. एकदा भर उन्हात ओट्यावरून म्हणाली, "मामा, बसा की माझ्या सावलीला. लय मोठी हाय." मी हसलो, तीही हसली. पण तराजूचा विषय निघाला की उठून आत जायची. म्हातारीला आता मोतीबिंदूनं दिसत नव्हतं. ती निरोप धाडायची, "मी हाय तवर फेड गं बाय." बायना उलट निरोप द्यायची, "बारीक झाले की बसते."

नवरा सूर्यभान तसा वाईट नव्हता. फक्त एसटीत तिच्या शेजारी बसत नव्हता. दोन बाकं पुढं बसायचा, ओळखपाळख नसल्यासारखा.

अठ्ठ्याऐंशी साली बायना उतरायला लागली. पोलकी ढगळ झाली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. बाया म्हणायच्या, "काय खायलीस गं, आमालाबी सांग." मी म्हणालो, "आता कुठं दिसायला लागलीस, पोरी." ती लाजली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, चार पावलांवर टेकायची, तेही आम्हाला दिसत होतं.

भाऊ मुंजाजी भेटायला आला तर घाबरलाच. "अक्का, डॉक्टरला दाखवू."

"नको रे. त्याच्या गोळ्यांनी पुन्हा फुगले तर? परवा तुझे दाजी जिंतूरपर्यंत माझ्या शेजारी बसून आले."

आणि तिनंच नवसाचा शनिवार ठरवला. गूळ किती आणू, असं मुंजाजीनं पारावर येऊन विचारलं. माझ्या तोंडून सवयीनं अठरा निघालं. त्यानं खरंच अठरा आणल्या.

आमचं निम्मं गाव पोखर्णीला बघायला गेलं. बायना नवं हिरवं लुगडं नेसून पारड्यात बसली, मान वर करून. समोर भेल्या चढत गेल्या. आठवीला पारडं हललं. नववीला ती अलगद वर उचलली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

धुरपताबाई तराजूशेजारी बसून प्रत्येक भेलीला हात लावून मोजत होती. "नऊ?"

"नऊच, आई," मुंजाजी म्हणाला.

म्हातारीनं उरलेल्या भेल्या चाचपल्या. "मग माझी अर्धी लेक कुठं गेली रे?"

लोक हसले. मीही. तिनं चाचपडत बायनाचं मनगट धरलं आणि तसाच हात खांद्यापर्यंत नेला. मग म्हणाली, "मुंजा, हिला आत्ता दवाखान्यात ने."

अंगात साखर निघाली, केव्हापासूनची. बायना त्यानंतर अकराच दिवस जगली. शेवटच्या दिवसांत भेटायला येणाऱ्याला विचारायची, "मी आता बरी दिसते न्हाई का?"

देवाच्या नावानं आणलेला गूळ घरात ठेवायचा नसतो. तेराव्याला धुरपताबाई काठी टेकत आमच्या गावात घरोघर उरलेल्या भेल्या फोडून वाटत फिरली. माझ्या दारात आली, तेव्हा मी हात पुढं केला नाही.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "अठरा तुमीच सांगितल्या होत्या. तुमाला तिचा अंदाज बरोबर व्हता."

तिनं माझी ओंजळ शोधली आणि भरेपर्यंत गूळ घातला.