डावी पेटी

“स्पीकरची पेटी बिघडलेली नाही, बाबा. किती वेळा सांगू?”

“मग मला वेड लागलंय?”

लॅपटॉप लेकीचा होता. त्याची वायर जिथे अ‍ॅम्प्लिफायरला लागते, तिथे कपाटामागे बाप पालथा पडून टॉर्च मारत होता. वायरच्या लॅपटॉपकडच्या टोकाला एकच पिन, दुसऱ्या टोकाला दोन. लाल उजवीची, पांढरी डावीची. त्याने दोन्ही काढून उलटसुलट लावल्या. तरी डावी मुकीच. मग त्याने पेट्यांचीच अदलाबदल केली. मघाशी खणखणीत बोलणारी उजवी पेटी डाव्या बाजूला गेली आणि, त्याच्या मते, तिचीही वाचा बसली.

“बघ. आता बोल.”

लेकीने आईकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात आई हातात फडका घेऊन उभी होती. तिला दोन्हीकडून येत होतं. एकीकडून वाद्यं, दुसरीकडून गाणारी बाई, अगदी शेजारी बसून गावं तशी. खाटेवर तिच्या सासूबाई होत्या. त्यांना कुठूनच काही येत नव्हतं, पण भांडण मात्र डोळ्यांत तेल घालून बघत होत्या.

बाप शहरातल्या मोठ्या हॉलचा आवाज सांभाळायचा. वायरी गुंडाळायला म्हणून लागला होता, आवाजाच्या बोर्डावर बसेपर्यंत केस पिकले. शेवटच्या रांगेत उभा राहून कुठल्या माइकची पिन सैल आहे ते सांगायचा, म्हणून हॉलवर सगळे त्याला कानसेन म्हणत. परवाच्या कार्यक्रमात डाव्या बाजूचे लोक कानांवर हात ठेवून उठून गेले. मॅनेजरचा फोन बायकोनेच घेतला होता.

“डावीकडून कमी येत होतं म्हणून वाढवला,” तो घरी आल्यावर म्हणाला होता. “त्या हॉलच्या भिंतीच नाठाळ.” आणि खात्री करायला आज तेच गाणं घरच्या पेट्यांवर लावलं होतं. इथे बरोबर वाजलं, की दोष हॉलचा. मग त्याची जागा शाबूत.

“मला दोन्हीकडून ऐकू येतंय ना,” लेक म्हणाली.

“तुला कानात ती बोंडं घालून फिरायची सवय. तू सांग,” तो बायकोला म्हणाला. “डावी बंद आहे ना?”

विचारताना त्याने उजवा खांदा तिच्याकडे केला होता. हल्ली तो असाच वळायचा. तिला वाटायचं, मान अवघडली असेल. म्हणजे परवापर्यंत वाटायचं.

“जरा कमीच आहे,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. वीस वर्षांच्या संसारात तिने त्याला इतकं स्वस्तात खूश केलं नव्हतं. “ऐकलंस?” तो लेकीला म्हणाला, आणि सगळा आवाज डाव्या पेटीत जाईल असं बटण फिरवून वरचं मोठं बटणही चढवलं. मांडणीवरची भांडी वाजायला लागली. लेकीचा हात कानाकडे गेला.

“काय झालं?” असं विचारायला तो पेट्यांकडे पाठ करून वळला, डावी पेटी उजव्या कानाकडे आली, आणि तो जागीच थांबला. पुन्हा पेट्यांकडे तोंड केलं. पुन्हा वळला. नळाला पाणी येतंय का ते बघावं, तसं चार वेळा केलं. मग हात लांब करून त्याने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला.

सासूबाई बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाल्या, “माझंही डाव्यापासूनच सुरू झालं होतं. मान अशीच वाकडी व्हायची. मग वर्षभरात उजवाही गेला.”

“डॉक्टरकडे जाऊ ना, बाबा. कानाचं मशीन मिळतं,” लेक म्हणाली.

“आजीला आणलं होतं की. पडलंय खणात. त्यातून शिट्टी येते म्हणे. शिट्टीवर मी गाणारीचा आवाज लावू?”

तो बायकोकडे वळला, उजव्या खांद्यानेच.

“तुला दोन्हीकडून येत होतं?”

“हो.”

“मग कमी आहे का म्हणालीस?”

तिने कोरडा ओटा पुसायला घेतला.

“तूच असं सांगितलंस तर मी आता कुणाला विचारायचं?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने उत्तर दिलं असतं.

त्याने पिना काढल्या. वायर हाताच्या पंजात घेऊन गुंडाळायला लागला, पीळ न पडू देता, एकावर एक सारखे वेढे. हॉलवर पहिल्या दिवशी शिकला होता तशी. टोकाला गाठ मारून ती लेकीच्या हातात दिली.

“उद्या हॉलची किल्ली परत देऊन येणार आहे. बोर्डावर पुन्हा बसणार नाही,” तो म्हणाला. मग खाटेवरच्या आपल्या आईला कळावं म्हणून तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं.