सईच्या दुधातली पुडी

सुकापूरच्या आमच्या घरात हिवाळ्यातलं कोवळं ऊन पूर्वेच्या खिडकीतून येई, तेव्हा त्याला सायीचा रंग असे. सहा वर्षांची सई त्या उन्हात बोटं हलवीत बसे आणि भिंतीवरच्या सावल्या न्याहाळत स्वतःशीच गुणगुणे. कोणत्या दूरच्या प्रदेशात असेल ती तेव्हा? तळोज्याच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून मी दारात उभा राही. अंगाला रसायनांचा दर्प, पापण्यांवर झोप, आणि मनात एकच अभिलाषा: एकदा, फक्त एकदा तिनं मला ‘बाबा’ म्हणावं!

सईला स्वमग्नता आहे, हे कळून तीन वर्षं झाली होती. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघालं, म्हणून पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक पुडी दुधातून द्यायला सांगितली. त्याच सुमारास माझ्या पाळीवरचा एक सोबती म्हणाला, “आमच्या नात्यातली पोर त्याच पुडीनं बोलाय लागली. तू रोज दे. काय व्हत नाय.”

आशेला प्रमाण कुठे ठाऊक असतं? दुसऱ्या दिवसापासून माझी पत्नी वैशाली अंघोळीला गेली, की मी स्वतःच आणून लपवलेली एक पुडी सईच्या दुधात हळूच ढवळू लागलो. ती पांढरी भुकटी विरघळताना पाहणं हीच माझी प्रार्थना झाली.

महिना-दीड महिन्यात सई कोमेजली. सारखी पाण्यासाठी माठाशी जाऊन बसे, खाल्लेलं उलटून टाकी. एका सकाळी तर ती अंथरुणातून उठेचना. रुग्णालयात कळलं, रक्तातलं कॅल्शियम फार वाढलं होतं.

“पुडी आठवड्याला एकच देत होतात ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी मान खाली घालून सारं सांगितलं.

“ती हाडांसाठी होती हो! तिनं मूल बोलू लागतं, असं खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. जास्त झाली तर मूत्रपिंडांना अपाय होतो, एवढं मात्र नक्की.”

आता वैशालीचा संताप कोसळणार, म्हणून मी डोळे मिटले. ती मात्र भिंतीला टेकून पुटपुटली, “मीसुद्धा रोज देत होते, वेगळी आणून. संध्याकाळी. तुम्ही कामावर गेलात की.”

एकाच छपराखाली, एकाच आशेपायी, आम्ही दोघं एकमेकांपासून लपत होतो!

तिसऱ्या दिवशी कॅल्शियम उतरणीला लागलं. सईनं माझ्याकडे न पाहताच माझा हात उचलला आणि सलाईनच्या चिकटपट्टीवर ठेवला. मग वैशालीचा हात ओढून त्यावर ठेवला आणि दोन्ही घट्ट दाबले. ही पट्टी काढा! किती स्पष्ट होतं ते! डब्याच्या झाकणावर, नळावर, दाराच्या कडीवर आमचे हात ठेवत ती वर्षानुवर्षं असंच काही सांगत आली होती. आम्हीच शब्दाच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो.

“दुखतंय ना, बाळा? नर्सताईंना बोलावते हं,” वैशाली म्हणाली.

सईनं आमचे हात सोडले.