सातव्या महिन्यातलं उष्टावण

हे मी लिहावं की नाही, अजून कळत नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, पण तेवढ्यावरून दुसऱ्याच्या दुःखावर लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. चुकलं तर माफ करा.

माझी भाची जन्मली तेव्हा तिची अन्ननलिका मध्येच तुटलेली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन करून दोन्ही टोकं जोडली. पण जोड भरून येताना नळी तिथेच आकसू लागली. मग दर दोन-तीन आठवड्यांनी तिला भूल द्यायची आणि तोंडातून बारीक फुगा आत घालून ती जागा रुंद करायची. मी तेव्हा दिल्लीत करोल बागेजवळ ताईच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून शिकत होतो. हॉस्पिटलचे कागद मीच वाचायचो.

सातवा महिना संपत आला. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायचं आणि पहिला घास मामाने भरवायचा. डॉक्टर म्हणाले होते, पुढचा फुगा होईपर्यंत फक्त दूध. तो नेमका आठव्यात येत होता.

"नवव्यात करू की," मी ताईच्या सासूबाईंना म्हटलं.

"अच्छा! मामासाहेब कॉलेजात काय गेले, डॉक्टरच झाले!" त्या हसल्या. "बोटभर खिरीने काय होतंय?"

ताई नुसती माझ्याकडे बघत राहिली. भावोजी म्हणाले, "चलो यार, जिभेला लाव नुसती."

मी लावली. तिने मिटक्या मारल्या. मग ती चमच्याकडेच झेपावली. तिला एवढी आवडली म्हणून मी अजून अर्धा चमचा दिला.

खिरीतलं भाताचं एक शीत अडकलं. ती निळी पडली. ऑटोत ताई तिची पाठ थोपटत होती, एकसारखी.

शीत निघालं, ती वाचली. "खिरीने नळी आकसत नाही, व्रणाने आकसते," डॉक्टरांनी मला समजावलं. पण थोडी खीर फुप्फुसात गेली होती. पुढे तिला वरचेवर न्युमोनिया होत राहिला, आणि दर वेळी भूल देणं जास्त धोक्याचं होत गेलं.

ताईने मला कधी बोल लावला नाही. मीच अभ्यासाचं निमित्त काढून हॉस्टेलवर गेलो. प्रत्येक फुग्यानंतर भावोजींचा मेसेज यायचा: झालं, दूध पितेय.

अकराव्या वेळी मेसेज आला नाही. दुपार गेली. संध्याकाळी त्यांनी फोन केला.

"भुलीतून उठलीच नाही रे," ते म्हणाले. "तू ये. तुझी ताई तुलाच बोलावतेय."