दोणीतलं पाणी

लोकांच्या घरात शिरून त्यांचं साठवलेलं पाणी बघायचं, हे माझं काम. आरोग्य खात्यात निरीक्षक आहे मी. हातात बॅटरी, खिशात खडू. पिंप, टाकी, कुंडीखालची ताटली, कशात डासांच्या अळ्या आहेत का बघायचं आणि बाहेर पडताना चौकटीवर तारीख आणि शेरा लिहायचा. काही नसेल तर ‘निरंक’. सव्वीस वर्षं हेच करतोय. एका घराबद्दल मी खोटं लिहिलं, ते आता सांगतो.

आमच्या पेठेत एक भिंत आहे. अलीकडे जुनी गोठ्यांची घरं, आम्हा मराठ्यांची. पलीकडे दहा-बारा घरं, बौद्धांची. पाणी दोन्हीकडं एक दिवसाआड, त्यामुळं साठवणही सारखीच. पाहणीची रीत मात्र मी वेगळी ठेवली होती. पलीकडं न विचारता थेट मोरीपर्यंत जायचो. अलीकडं सोप्यात बसायचो, “सगळं ठीक हाय न्हवं?” विचारायचो, चहा प्यायचो आणि ‘निरंक’ लिहायचो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवावं लागतच नाही.

बारा वर्षांपूर्वी पलीकडच्या एका मुलीला डेंग्यू झाला. मुलगी आठवड्याभरात बरी झाली. तिची आई शाळेत पोषण आहाराचा भात शिजवायची. तिच्या हातचं पोरांनी खायचं म्हणून काही पालक आधीपासूनच कुरकुरत होते. का, ते सगळ्यांना माहीत होतं.

रुग्ण सापडला की आसपासची घरं तपासून अहवालात डासांचं उत्पत्तिस्थान लिहायचं असतं. तो रकाना मोकळा ठेवून चालत नाही. तिच्या पिंपावरचं फडकं सोडून मी बॅटरी मारली. तळ स्वच्छ दिसत होता.

“दर शुक्रवारी काथ्यानं घासती की, साहेब,” ती म्हणाली.

भिंतीला लागून अलीकडचं घर माझ्या चुलत सासऱ्यांचं. म्हशी बावड्याच्या शेतावर नेऊन दोन वर्षं झाली होती, पण गोठ्यातली म्हशींना पाणी पाजायची दगडी दोण काठोकाठ भरलेली. गोठा रिकामा झाला तरी दोण रिकामी ठेवायची नाही, नाहीतर लक्ष्मी फिरून येत नाही, असं त्या घरात मानायचे. रोज वरून एक कळशी ओतायचे. उपसायचं कुणी नाही. मी वाकून बघितलं. पाणी वळवळत होतं.

“काय जावई, म्हस दिसली का त्यात?” सासरे सोप्यातून म्हणाले.

“मामा, अळ्या हायत. उपसाय पायजे.”

“उपसू की. च्या गार व्हायलाय, या.” मग कप पुढं करत म्हणाले, “का सासुरवाडीच्या दाराला नोटीस डकवतायसा? डकवा बाबा. हळदी-कुंकवाला तुमची बायको वाचत वाचत आत यील.”

मी चहा प्यालो. दोण समोर उभं राहून उपसून घेतली. तेवढ्यालाच मी बरीच वर्षं माझा प्रामाणिकपणा समजत होतो. रकान्यात त्या बाईचं घर लिहिलं आणि नोटीस तिच्या दाराला डकवली.

“पिंपात तर काय न्हवतं, साहेब.”

“नियम हाय,” मी म्हणालो.

कुणीतरी नोटिशीचा फोटो मोबाइलवर फिरवला. सोमवारी शाळेनं तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. खरं कारण बोलून दाखवायची कुणाला गरजच उरली नाही. मी त्यांना सही-शिक्क्याचा कागद दिला होता. अहवालातली एक ओळ बदलायची होती. मी बदलली नाही. पुढं ती लग्नाच्या हॉलवर भांडी घासायला जायला लागली.

गेल्या महिन्यात सासरे वारले. ते असेपर्यंत माझं धाडस झालं नाही, हेही लिहायला हवं. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. “तुम्ही दोण उपसून घेतलीसा ते पाणी आमच्याच गटारीतनं गेलं. डोळं हायत की आमाला.”

“मग तेव्हा बोलला का नाही?”

“तक्रार केल्यावर चौकशीला कोण आलं असतं? तुम्हीच न्हवं?” ती जराशी हसली. “मला सांगून काय उपेग? शाळंत सांगा.”

मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका नव्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग अळ्या होत्या कुणाकडं?”

“शेजारी एका ठिकाणी,” मी म्हणालो.

परत येऊन तिला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “कुणाच्या घरात, ते सांगितलासा?”

“नाही.”

“मग निम्मंच झालं,” म्हणत ती पिंपाच्या तोंडाला फडकं बांधायला लागली.

आज हे सगळं लिहून बायकोला वाचून दाखवलं. तिच्या माहेरची दोण आहे ही. ती उठून आत गेली. शाळा उद्या अकराला भरते.