उलटी पाटी

लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा ती मला तिच्या गावच्या बेसबॉल संघाचा सामना दाखवायला घेऊन गेली. समोरच्या कठड्याशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तीन चेंडू वाया घालवून पाहुण्या संघाचा फलंदाज बाद झाला, की ते इंग्रजी 'के' अक्षराची, म्हणजे अशा बादच्या खुणेची, एक पाटी कठड्याला टांगायचे. ही या संघाची जुनी रीत. त्यांच्या आधी त्यांचे वडील पाट्या टांगायचे, असं लेक म्हणाली.

एकदा त्यांनी पाटी उलट्या तोंडाने टांगली, 'के' आरशातल्यासारखा उलटा. मला वाटलं, वयामुळे चुकले बिचारे. मी लगबगीने सांगायला गेलो. ते हसले.

"बॅट फिरवून चुकला तर सुलटी. हा नुसता बघत उभा राहिला. त्याला उलटीच."

मी जागेवर येऊन बसलो. माझे वडील, आमचे अण्णा, रेडिओला कान लावून क्रिकेटचा चेंडूनचेंडू वहीत लिहायचे, आपल्याच खुणांनी. मी दारात दिसलो की म्हणायचे, "ये रे, बस जरा. शिकवतो तुला." मी चौकटीला टेकून थोडा वेळ बघायचो आणि "नंतर" म्हणून निघून जायचो. अण्णा गेल्यावर वह्या उघडल्या, तर एका खुणेचा अर्थ लागेल तर शपथ. भांडलो असतो त्यांच्याशी, तरी इतकं सललं नसतं.

सामना संपला. माणसं उठली.

"बाबा, चला ना," लेक म्हणाली.

मी त्या उलट्या पाटीकडे नुसता बघत उभा होतो.