मारुतीअण्णा आणि सरांचं झाडांचं पुस्तक

ज्या माणसाने मला स्वतःचीच पुस्तकं फाडायला शिकवलं, तो आज सकाळी गेला.

मारुतीअण्णा. डिचोलीच्या एका छोट्या प्रेसमधले बाइंडर. खानापूरच्या पलीकडच्या खेड्यातून तरुणपणी गोव्यात आले आणि उभं आयुष्य कागद दुमडण्यात गेलं.

मी पेडण्यात घरातूनच पुस्तकं काढते. वर्षाला दोन, फार तर तीन. बांधायला अण्णांकडेच जायची.

पहिल्याच पुस्तकाला त्यांनी मला मशीनजवळ बोलावलं. कापून पडलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग दाखवला.

"बाई, ह्यो साइज कुणी काढला? शीटवर नीट बसत न्हाई. बोटभर अरुंद केलासा तर एवढा कागद वाचंल."

"डिझायनरने दिलाय अण्णा. दिसायला बरा वाटतो."

"बरं," म्हणाले. परत विषय नाही.

मग सर्वण गावच्या सरांचं पुस्तक आलं. सर निवृत्त शिक्षक. गावातली झाडं, झरे, कुळागरं म्हणजे पोफळीच्या बागा, सगळ्यांवर आयुष्यभर टिपणं काढलेली. सुंदर लिहिलं होतं.

मी हजार प्रती छापल्या. जास्त छापलं की एक प्रत स्वस्त पडते, हे सगळेच सांगतात. कव्हरला चकचकीत लॅमिनेशन.

अण्णा कव्हरवरून बोट फिरवत म्हणाले, "झाडांचं पुस्तक न्हवं हे? मग वर प्लास्टिक कशाला?"

मी हसले.

खरंच हसले. आज ते आठवून कसंतरी होतं.

प्रकाशन झालं. भाषणं, शाल, फोटो. दीडशेक प्रती गेल्या, त्यातल्या निम्म्या भेट.

बाकीचे गठ्ठे माझ्या मागच्या खोलीत. दोन पावसाळे गेले. आधी वास आला, मग बुरशी, मग वाळवी.

सर फोन करायचे. "किती प्रती गेल्या गो?"

"जातायत सर. हळूहळू."

प्रत्येक वेळी हेच. खोटं बोलायचीसुद्धा सवय होते.

शेवटी धारगळच्या भंगारवाल्याकडे गेले. त्याने एक प्रत हातात घेतली आणि परत दिली.

"कव्हरां काडून हाड गो बाय. प्लास्टिकाचें कागदांत चलना." आधी कव्हरं काढून आणायची, तरच घेणार.

मी अण्णांना फोन केला. रविवारी दोन बस बदलून ते पेडण्याला आले. पिशवीत त्यांची सुरी.

आम्ही घरापुढच्या सोप्यावर बसलो. पुस्तकाची पाठ दाबायची, कव्हर मागे वाकवायचं, एका दमात ओढायचं. कव्हरं एका बाजूला, पानं दुसऱ्या.

अण्णा म्हणाले, "बांधलं मीच, फाडाय पण मीच."

कोरड्या राहिलेल्या प्रती ते वेगळ्या काढत होते. साठ-सत्तर निघाल्या.

आणि तेवढ्यात फाटकातून सर आत आले.

पेडण्याच्या कचेरीत जमिनीचं काम निघालं होतं त्यांचं, तर सोमवारच्या आधी येऊन भाचीकडे राहिले होते. त्यांना वाटलं, हिला भेटून जाऊ.

सोप्यावर त्यांच्या पुस्तकाची पाचेकशे कव्हरं पडली होती. सगळ्यांवर त्यांचं नाव.

अण्णा उठले, आपली खुर्ची पुढे केली.

"सर, पुस्तकात काय खोट न्हाई. आमी लई छापलं."

सर बसले नाहीत. कोरड्या ढिगातली एक प्रत उचलली, रुमालाने पुसली आणि निघून गेले. आमच्यासाठी ठेवलेला चहा आणि उंडे पाव तसेच राहिले.

वर्षभर त्यांनी माझा फोन घेतला नाही.

मी गेले नाही त्यांच्याकडे. हिंमत झाली नाही. अण्णा गेले. डिचोलीहून सर्वण जवळ. कामावरून सुटले की जायचे, एकदा नाही, तीन-चार वेळा. काय बोलले दोघं, मला कधीच कळलं नाही.

एक दिवस सरांचाच फोन. "तो मारुती म्हणतो, शंभरच छापूया. संपली की परत शंभर. तुला जमेल?"

जमेल म्हटलं.

साइज शीटवर बसणारा. कव्हर साधं, जाड, वर काही नाही. आणि अण्णांनी शंभरही प्रती हाताने शिवल्या.

आता वाटेल, सगळं छान झालं.

नाही झालं. दमट हवेत कव्हरं वाकली. म्हापशाच्या एका दुकानदाराने "मळकट दिसतात" म्हणून गठ्ठा परत पाठवला. शंभर संपायला दीड वर्ष लागलं. पण संपली. त्यातलं एकही पान भंगारात गेलं नाही.

त्यानंतर मी सगळी पुस्तकं तशीच काढते. प्रत्येक लेखकाला समजावते. ते मान हलवतात, "किती छान विचार" म्हणतात आणि शेवटी विचारतात, "पण माझ्यापुरतं ग्लॉसी करता येईल का?"

मी थकलेय हो. खरंच थकलेय.

अण्णांना म्हटलं होतं एकदा, "आपण दोघांनी करून काय होणार?"

ते दोरा ओवत होते. "काय न्हाई हुनार," म्हणाले. "पर आपल्या हातनं तरी नको."

गेल्या वर्षी दम लागायला लागला म्हणून काम सोडून गावी गेले. आज त्यांच्या मुलीचा फोन आला. मी चोर्ला घाट चढून त्यांच्या गावी पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. गेले नाही.

सरांना कळवलं. ते म्हणाले, "माझ्याकडे आला की बागेत फिरायचा. कुठलं झाड कुठलं, पुस्तकात बघून ओळखायचा."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ते फक्त बांधायचे. वाचत होते.

अण्णा, त्या हसण्याची माफी मागायची राहिली, ती इथे मागते.

खूप उभं राहिलात मशीनपाशी. आता निवांत बसा.

डिचोलीच्या मारुतीअण्णांना मनापासून नमस्कार. आणि निरोप.